लेले सरांच्या कार्डावर सही कोणाची?

त्या रविवारी कोणीतरी माझा आवाज वापरून मला फसवलं, आणि आमच्या रेडिओ क्लबने ती फसवणूक माझ्याच नावावर लावली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

दुसरं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या पानावरचे अनुभव मी वाचतो ते दुकानात गिऱ्हाईक नसताना, आणि वाचून हसतो. कोणाला पायऱ्यांवर कोणी दिसतं, कोणाला मागून हाक ऐकू येते... मी म्हणतो, चष्म्याचा नंबर तपासा, कान साफ करून घ्या. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते — वीज असेल तर वस्तू चालते, नसेल तर चालत नाही. मधलं काही नसतं. आणि माझ्या बाबतीत जे झालं ते नेमकं त्या मधल्या जागेत झालं. म्हणून डोकं फिरलंय.

मला गावंडे म्हणा. बाकीची नावंही बदलली आहेत. मी मूळचा वाशीमकडचा. पुण्यात आलो, भोसरीला कारखान्यात लागलो, आणि सुटीच्या दिवशी बुधवारात फुटपाथवर पोतं अंथरून जुन्या रेडिओचे पार्ट विकायला बसायचो. आज त्याच गल्लीत माझं स्वतःचं दुकान आहे. ते कोणी दिलेलं नाही, एकेका गिऱ्हाइकाशी घासाघीस करून उभं केलंय. स्वभाव तापट आहे असं बायको म्हणते, मुलगी म्हणते, शेजारचा दुकानदार तर कोणी न विचारता सांगतो.

त्याच फुटपाथवर मला लेले सर भेटले. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि हॅम रेडिओचा नाद. ज्यांना हॅम माहीत नाही त्यांच्यासाठी — सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घ्यायचं, आपला सेट, आपली अँटेना, आणि मोबाइलचा टॉवर की इंटरनेट काही मध्ये न घेता थेट हवेतून दुसऱ्या हॅमशी बोलायचं. गाडीला नंबर असतो तसं प्रत्येकाला एक कॉल साइन असतं.

सर माझ्याकडे पार्ट घ्यायचे आणि कधी भाव करायचे नाहीत. मला चैन पडायची नाही. एकदा म्हटलं, "सर, जरा कमी करा म्हणा की. धंदा केल्यासारखं वाटत नाही."

"शेठ, तुम्ही सांगितला तो भाव खरा असेल तर मी कशाला वेळ घालवू? आणि खोटा असेल तर झोप तुमची जाईल, माझी नाही."

पोत्यावर बसणाऱ्याला शेठ म्हणणारा हा पहिला माणूस. त्यांनीच मला परीक्षेला बसवलं, पास करवलं.

त्यांच्याकडून एक सवय लागली, ती सांगणं भाग आहे. हवेत कोणाशी बोलणं झालं की एकमेकांना रिपोर्ट द्यायचा असतो. तुझा आवाज किती स्वच्छ येतोय, ते पाचापैकी. किती जोरात येतोय, ते नवापैकी. उत्तम म्हणजे पाच-नऊ. आता सगळे हॅम काय करतात, तर समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा येत असला तरी 'पाच-नऊ' म्हणून मोकळे होतात. लग्नातलं जेवण कसं होतं विचारल्यावर 'छान' म्हणतात, तसं. सर म्हणायचे नाहीत. "हवेत खोटं बोलायला काही लागत नाही शेठ. म्हणूनच बोलायचं नाही." मीही बोलत नाही. तीन-तीन येत असेल तर तीन-तीनच. क्लबमध्ये थट्टा चालते — गावंडे रिपोर्टातसुद्धा घासाघीस करतात.

पुढे सरांना अर्धांगाचा झटका आला. येरवड्याला मुलीकडे, वर्षाताईंकडे असतात, पलंगावरच. डोकं लख्ख आहे. पण शब्द सुटासुटा येतो. एक शब्द आला की पुढच्याची वाट बघत बसायचं. झटक्यानंतर त्यांनी माइक हातात धरला नव्हता.

यंदा क्लबने ठरवलं की सरांच्या सन्मानार्थ एक दिवसाचं खास स्टेशन उभारायचं. त्या दिवसापुरतं वेगळं कॉल साइन मिळवायचं, देशभरातल्या हॅमशी बोलायचं, आणि सगळं स्टेशन फक्त सूर्यावर चालवायचं. सौरऊर्जा हा सरांचा जुना हट्ट. दुपारी दोनच्या सुमारास सर येरवड्याहून त्यांच्या जुन्या सेटवर येणार, वर्षाताई माइक धरणार, आणि आमच्या बाजूने मी बोलणार. नंतर सरांना कार्ड पाठवायचं. आमच्यात ही रीत आहे. बोलणं झालं की एक छापील कार्ड जातं — कोणाशी, कधी, रिपोर्ट काय, आणि खाली त्या वेळी माइकवर जो होता त्याची सही. कार्ड आलं तर बोलणं झालं. नाही आलं तर नुसती हवा. सरांची पलंगासमोरची भिंत अशा कार्डांनी भरलेली आहे.

जागा मिळाली खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, एका सभासदाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर. पावसाळा सरत आलेला. सकाळी छान ऊन होतं. पॅनल मी लावले, पूर्वेकडे तोंड करून, फ्रेम दोरीने आवळून. हातगाडीवर माल बांधायची माझी एक गाठ आहे, ती मारली. टेबलामागे क्लबचं कापडी बॅनर, ते वाऱ्यावर इतकं फडफडत होतं की सेटवर पलीकडून बोलणारे विचारत होते, तिकडे पाऊस पडतोय का.

जेवणाच्या वेळेला ढग आले. पॅनल थंड, बॅटरी उतरायला लागली.

आमचे सेक्रेटरी देवधर. मोठ्या कंपनीतून रिटायर झालेत आणि क्लबही कंपनीसारखाच चालवतात. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गावंडे, माझी गाडी इथेच आहे. तिच्या बॅटरीला दोन वायरी लावू. अर्ध्या तासाचा प्रश्न."

"बोर्डावर काय लिहिलंय वाचा. 'फक्त सौरऊर्जेवर'."

"बोर्ड मीच लिहिलाय."

"मग सरांना काय सांगणार? सूर्य पेट्रोलवर चालवला?"

"सरांना कळणार नाही."

"म्हणूनच करायचं नाही."

देवधरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जुन्या बाजारातली माणसं तत्त्वांवर बोलायला लागली की ऐकायला बरं वाटतं," म्हणाले.

बस. माझं डोकं सटकलं. सेटला वीज देणारी केबल माझी होती, मीच दुकानात बसून बनवलेली, टोकाला वेगळे कनेक्टर. तशी दुसरी टेकडीवर नव्हती. ती मी उपसली, गुंडाळली, स्कूटरच्या डिकीत टाकली आणि डिकीला कुलूप लावलं. आता लावा गाडीची बॅटरी, म्हटलं. माझा स्वतःचा हातातला छोटा सेटसुद्धा रागाच्या भरात टेबलावरच राहिला. तो तिथेच होता हे सगळ्यांनी पाहिलंय. हे लक्षात ठेवा.

सरांची वेळ व्हायच्या आत परत यायचंच होतं. डोकं निवेपर्यंत खाली चौपाटीला जावं, एक कणीस खावं, तोवर ऊनही येईल, असा हिशेब.

कणीसवालीशी भांडलो. रविवारचा भाव ती रविवारचाच सांगत होती, आणि माझं काय झालेलं होतं ते मी सांगितलंच. ऊनही आलं, लगेचच, लख्ख. पण परत निघालो आणि धरणावर गाड्या अडकलेल्या. रविवारी खडकवासल्याला जो गेलाय त्याला सांगायला नको. एका बाजूला धरणाची भिंत, दुसऱ्या बाजूला सेल्फीवाले, मध्ये एक बस आडवी. स्कूटरसुद्धा काढता येईना. दोन वाजून गेले. मी तिथे उन्हात उभा, डिकीत केबल, आणि तिकडे सर सेटसमोर वाट बघत असतील... माझा स्वतःवर जेवढा राग होता तेवढा देवधरांवरही नव्हता.

टेकडीवर पोचलो तर पहिलं काय दिसलं — पॅनल फिरवलेले. तोंड पश्चिमेला, उन्हाच्या बरोबर समोर. बॅटरी भरत आलेली. मनात म्हटलं, चला, देवधरांना एवढी तरी अक्कल आहे.

मंडळी झाडाखाली डबे आवरत होती. देवधर उठून आले.

"या. कुठून बोललात?"

"कोणाशी?"

"सरांशी. वर्षाताईंचा आत्ता फोन आला होता. सर रडतायत म्हणे, आनंदाने. गावंडे इतकं छान बोलले. आमच्या खास कॉल साइनवर." मग माझ्या हातातल्या केबलकडे बघितलं. "इथला सेट तर तुम्ही नेलेल्या केबलवाचून मेलेला होता. म्हणजे दुकानातून बोललात. घरच्या विजेवर. आणि मला बोर्ड वाचायला सांगत होतात."

मी म्हटलं, मी धरणावर अडकलो होतो. ते म्हणाले, "रविवारी सगळेच तिथे अडकतात. सोयीचं आहे." मी म्हटलं, माझा हातातला सेट इथे टेबलावर आहे, मोठा दुकानात दुरुस्तीला उघडून पडलाय. ते म्हणाले, "तुमच्या दुकानात सेटांचा काय तोटा?" मी म्हटलं, एवढ्या वेळात खडकवासल्याहून बुधवारात जाऊन परत येऊन दाखवा, तुम्हाला दुकान लिहून देतो.  ते म्हणाले, "ते बोलणं आपल्या स्टेशनचं धरता येणार नाही. सरांना कार्ड जाणार नाही."

मला वाटलं, कोणीतरी गंमत केली असेल. दुसऱ्या कोणी तरी सरांशी बोलून माझं नाव सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून येरवड्याला गेलो.

वर्षाताईंनी दारातच माझे दोन्ही हात धरले. "गावंडे भाऊ, तुम्ही काल काय केलंत तुम्हाला माहीत नाही." मी म्हटलं, खरंच माहीत नाही. त्यांना तो नम्रपणा वाटला. त्यांनी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. आत सर झोपले होते म्हणून आम्ही स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं.

चित्रात सर उशांना टेकलेले, वर्षाताईंचा हात माइकवर. आणि सेटच्या स्पीकरमधून माझा आवाज. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही म्हणतात, पण रेडिओवाल्याला येतो, आम्ही आयुष्यभर आपलीच रेकॉर्डिंग ऐकतो. तो माझा आवाज होता. बोलायच्या आधी मी खाकरतो, ते खाकरणंही माझं.

"सर, गावंडे बोलतोय."

सर शब्द जुळवत होते. मग — "कसा... येतोय?"

"तीन-तीन येताय सर. मध्येच तुटतंय. पण समजतंय. सावकाश बोला, मी आहे."

चित्रात सर हसले. वर्षाताई म्हणाल्या, सकाळी सेट तपासून बघताना ज्याने त्याने बाबांना पाच-नऊ दिलं, बाबा प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होते. इथे पहिल्यांदा हसले.

मग शांतता. रेडिओवर एवढा वेळ कोणी गप्प राहत नाही. समोरचा गेला असं वाटतं, माणूस लगेच हॅलो हॅलो करतो. तो आवाज गप्प राहिला. मागे फक्त फडफड ऐकू येत होती. बॅनरची.

"पॅनल... कुठे... तोंड?"

"सकाळी लावलं तसंच आहे सर. पूर्वेला."

परत शांतता. "सूर्य... सरकला... ना."

"हो सर. फिरवतो."

फडफड. दुसरं काही नाही, फक्त फडफड. मग —

"फिरवलं सर. पश्चिमेला केलं. आता बॅटरी चढतेय."

मी मोबाइल ओट्यावर ठेवला. वर्षाताईंनी विचारलं, "चहा टाकू?" मी हो म्हटलं असेन, कारण नंतर माझ्या हातात कप होता.

पॅनल मी फिरवले नव्हते. घरी आल्यावर देवधरांना फोन केला, तुम्ही फिरवलेत का? ते म्हणाले, "मी कशाला? तुम्हीच जाताना फिरवले असतील." प्रत्येक सभासदाला विचारलं. कोणी हात लावला नव्हता. सगळे टेबलाकडे पाठ करून झाडाखाली जेवत होते. आणि मग मला आठवलं की संध्याकाळी सामान आवरताना ती दोरी मीच सोडली होती, अंधारातही सुटेल अशी, न बघता. म्हणजे पश्चिमेला तोंड केल्यावर मारलेली गाठसुद्धा माझीच होती. दुसऱ्या कोणाची असती तर मी आधी चार शिव्या घातल्या असत्या, मग सोडली असती.

आता खाली कोणीतरी लिहिणार, एआय. आजकाल कोणाचाही आवाज करता येतो. मलाही तेच वाटलं, मुलीला विचारलं, ती त्याच क्षेत्रात आहे. ती म्हणाली, "बाबा, आवाज करता येतो. पण दोरी कशी बांधणार?" बरं, एवढा खटाटोप कोणी कशासाठी करावा? कोणाला काय मिळालं? धंद्यात मी एवढंच शिकलोय की ज्याला फायदा, त्याचा हात. इथे फायदा एकट्या सरांचा झाला, आणि ते पलंगावरून उठू शकत नाहीत.

देवधरांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. बॅनरची फडफड दाखवली. "पंखा असेल तुमच्या दुकानातला," म्हणाले.

तेव्हा मी ठरवलं, साक्षीदारच समोर उभा करतो. पुढच्या रविवारी त्यांना त्यांच्याच गाडीतून खडकवासल्याला घेऊन गेलो. कणीसवाली त्याच जागी होती, शेगडीवर पंखा हलवत. मी काही बोलायच्या आधी तिनेच तोंड फिरवलं.

"न्हाय न्हाय, तुमच्याशी आज भांडायला मला येळ न्हाय."

देवधरांकडे बघून म्हटलं, ऐकलंत? ओळखते. मग तिला विचारलं, "मावशी, गेल्या रविवारी दुपारी मी इथे होतो की नाही, या साहेबांना सांगा."

"व्हता की. किती डोकं खाल्लंत माझं. एका कणसापायी." मग जरा मऊ झाली. "पन परत आलात तवा लई शानपनानं वागलात."

"परत कधी?"

"तुमची गाडी त्या गर्दीत घुसली, त्याच्या मागनं. बऱ्याच येळानं. वरच्या पायवाटेनं चालत आलात. दुसरं कणीस घेतलंत. मी म्हनलं तेवढे दिलेत, भाव न्हाय, काय न्हाय. बसून खाल्लंत निवांत. धरनाकडं बघत."

मी म्हटलं, "मावशी, मी परत आलो नाही."

"म्या काय आंधळी हाय?"

देवधर मोठ्याने हसले. "भाव न करता दिले? मग हे गावंडे नव्हतेच," ते म्हणाले. आणि बोलून झाल्यावर त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, विसरल्यासारखं. वरच्या पायवाटेकडे बघितलं. ती सरळ आमच्या प्लॉटवरून उतरते. स्कूटरचा रस्ता वेगळा, वळसा घालून.

परतीच्या वाटेवर देवधरांनी गाडी सिंहगड रोडला घेतली. मग समोर बघतच म्हणाले, "असं करू. मी कार्ड देतो. सगळं भरून देतो. त्या दिवशीचं बोलणं आपल्या स्टेशनचंच, असं धरू. तुम्ही फक्त खाली सही करा. विषय संपला."

"सही केली म्हणजे मी बोललो असं होतं."

"मग कोण बोललं?"

"ते मला माहीत असतं तर मी तुमच्या गाडीत बसलो असतो का?"

"गावंडे, सरांसाठी करा. एक सही तर आहे."

आयुष्यात मला आलेल्या सौद्यांपैकी हा सगळ्यात स्वस्त. कोणी बघणार नाही, कोणाचं काही जाणार नाही, सरांना कार्ड मिळेल. अर्ध्या तासासाठी दोन वायरी लावण्यासारखंच. आणि वर देवधरांच्या मनात काय, तर सही केली की मी दुकानातून बोललो हे मी मान्य केलं. नाही केली की सरांचं कार्ड मी अडवलं. दोन्हीकडून मीच. कार्ड मात्र मी घेतलं.

सही करण्याआधी सरांनाच सगळं सांगावं म्हणून परत येरवड्याला गेलो. पलंगाजवळ बसलो. सरांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. वर्षाताईंनी मधलं एक जुनं कार्ड काढून जागा केली होती.

"का..." सर म्हणाले.

"कार्ड ना सर? येईल, येईल. देवधरांनी भरलंय. थोडं काम बाकी आहे. तुम्ही काळजी करू नका, मी आणून देतो."

सरांनी डोळे मिटले. पाच-नऊ ऐकल्यावर मिटतात तसे. मला कळेना काय चुकलं. बऱ्याच वेळाने एक शब्द आला, मग दुसरा.

"त्या दिवशी... थांबला... होतात."

मग कळलं, 'का' म्हणजे त्यांना कार्ड म्हणायचंच नव्हतं कदाचित. काय म्हणायचं होतं ते मी बोलू दिलं नाही. समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची मला सवय आहे, धंद्यात ती उपयोगी पडते. गिऱ्हाईक आकडा बोलायच्या आत आपण बोलायचा. मी गप्प बसलो. बसून बघितलं. रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या, वर्षाताईंनी कुकर बंद केला, आणि माझ्या तोंडात आपोआप शब्द यायला लागले. मला नाही जमलं. मी उठलो. जे सांगायला गेलो होतो ते तसंच राहिलं. सांगणार काय? की सर, तो मी नव्हतो, तुमच्याशी इतकं नीट बोलणारा दुसरा कोणी होता?

कार्ड आता माझ्या काउंटरवर काचेखाली आहे. सरांचं कॉल साइन, आमचं त्या दिवसाचं कॉल साइन, रिपोर्ट तीन-तीन — देवधरांच्या ठसठशीत अक्षरात. खाली सहीची जागा मोकळी. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय. मी म्हणतो, तुमचं काम बोला.

मला उत्तर सापडलेलं नाही. वीज नव्हती, सेट चालला. मी नव्हतो, मी बोललो. मी भाव केल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि धरणावर माझ्या तोंडाचा कोणीतरी मागेल तेवढे देऊन निवांत कणीस खात बसला होता. यातलं एकही कलम दुसऱ्याशी जुळत नाही.

देवधरांनी मला खोटारडा ठरवलं, त्याचा जाब मी पुढच्या मीटिंगमध्ये त्यांच्याकडून घेईन, ते माझं मी बघतो. पण हे इथे लिहितोय ते दुसऱ्यासाठी. त्या दुपारी सरांशी जो बोलला, तो हे वाचत असेल किंवा नसेल, त्याने येऊन मला जाब द्यावा. माझा आवाज घेतलास, माझी गाठ मारलीस, माझ्या बाजारात माझा भाव पाडलास, आणि नाव मला ठेवून गेलास. एवढा वेळ गप्प राहायला तुला कसं जमलं, तेही सांग. दुकान बुधवारात आहे, रस्ता तुला माहीत असणारच. पेन काउंटरवर ठेवलंय. ये आणि सही कर, मी घासाघीस करणार नाही. तू सरांसाठी थांबलास तेवढं सर तुझ्यासाठी थांबू शकतील की नाही, ते मला सांगता येत नाही.